असिलाची मादी शोधत ब्रह्मपुरी ते खडकी

पुण्याला लोक शिकायला जातात, नोकरीला जातात, लेकीच्या बाळंतपणाला जातात. मी गेले कोंबडी आणायला. गावच्या स्टँडवर ओळखीच्या ड्रायव्हरने विचारलं, "शीलाताई, एवढी बॅग घेऊन कुठे?" मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "काऊन जी, इकडच्या कोंबड्या मेल्या का?" मेल्याच होत्या, म्हणून तर निघाले होते.

थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी एसटीत बावीस वर्षं कंडक्टर होते. आता ब्रह्मपुरीजवळ आमच्या गावी असते आणि घरी असील कोंबड्या पाळते. असील ही आपल्याकडची जुनी जात. उंच पाय, ताठ मान, छातीवर पिसं कमी, तुरा बारीक नि डोक्याला चिकटलेला. अंडी थोडी, वाढ सावकाश आणि स्वभाव भांडखोर. धंद्याच्या हिशेबाने बिनकामाची, म्हणून कुणी पाळत नाही, आणि जी मिळते तिच्यात बहुतेक दुसऱ्या जातीची भेसळ असते. आमच्या ओळीची खूण म्हणजे डोळा. पांढुरका, मोत्याच्या रंगाचा. ही ओळ माझ्या बाबांनी जपली. त्यांच्या तरुणपणी लोक झुंजी लावायचे. मी लावत नाही. कायद्याने बंदी आहे, आणि नसती तरी मला तो प्रकार बघवत नाही.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, असील पाळणाऱ्या घरांची एक रीत आहे. नर कुणालाही द्यावा, मादी घराबाहेर जात नाही. विकत तर नाहीच नाही. जाते ती फक्त लेकीबरोबर, सासरी. नर गेला तर दुसरा आणता येतो, मादी गेली की ओळ गेली, असा त्यामागचा विचार. माझ्या लग्नात बाबांनी अशीच एक मादी माझ्याबरोबर पाठवली. सासरी ती रश्श्यासाठी आली आहे असं समजून मसाला वाटायला घेतला होता. वेळेवर लक्षात आलं म्हणून वाचली.

तिच्याच वंशातल्या चार माद्या आणि एक नर गेल्या दिवाळीपर्यंत माझ्याकडे होते. दिवाळीनंतर गावात मानमोडी आली. मानमोडी म्हणजे राणीखेत. कोंबडीची मान वाकडी होते आणि दोन दिवसांत खेळ खलास. लस असते, मी दरवर्षी देते, या वर्षी लग्नसराईच्या धावपळीत द्यायची राहिली. दुसऱ्या कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही. चूक माझी. पाच दिवसांत चारही माद्या गेल्या. नर तेवढा वाचला. तो पाच वर्षांचा, म्हणजे अजून एक-दोन वर्षं कामाचा. तोवर त्याला त्याच रक्ताची मादी मिळाली नाही तर बाबांनी आयुष्यभर सांभाळलेली ओळ माझ्या एका विसरण्यापायी संपणार होती. मी त्या दिवसांत नीट जेवत नव्हते. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, "बाजारातून चार गावठी आणू." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग जानेवारीत कोंबडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. मागे सिमेंटची पाण्याची टाकी, टाकीवर कुणीतरी वाळत घातलेला टॉवेल आणि पुढे एक मादी. मी फोटो मोठा करून पाहिला. डोळा पांढुरका. पायाची ठेवण तीच. फोटो खडकीचा होता. तिथल्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले मेश्राम म्हणून कुणी गृहस्थ, मूळचे आमच्याच भागातले. नंबर मिळवून फोन केला.

"कोंबडी विकायची नाही," ते म्हणाले. अजून मी नावही सांगितलं नव्हतं.

"विकत नको जी. बघायची आहे."

"बघायला या. बघायचे पैसे घेत नाही."

तेवढ्यावर मी तिकीट काढलं.

ब्रह्मपुरीहून नागपूर एसटीने तीन तास. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आता नवरेच बायकांना सांगतात, तूच जाऊन ये. नागपूरहून पुण्याला रात्रीची गाडी धरली, स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आत. सोबत भाकरी, जवसाची चटणी आणि डझनभर संत्री. ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी खालचा बर्थ आधीच घेऊन ठेवावा. माझा वरचा होता आणि गुडघ्यांनी चढताना-उतरताना त्याची आठवण करून दिली.

पुण्याला सकाळी पोचले. माझी मावसबहीण पुष्पा येरवड्यात राहते. स्टेशनवरून येरवड्याला आता मेट्रो आहे, वीस रुपयांच्या आत काम होतं. रिक्षावाला दीडशे म्हणाला होता. पुष्पाचं घर दोन खोल्यांचं, वर गच्ची. तिची सून प्राची कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते. कानाला यंत्र लावून ती इंग्रजीत बोलत होती. मला बघून तिने हात जोडले आणि बोलणं चालूच ठेवलं. मला ती आवडली. पोहे खाल्ले, अंघोळ केली आणि दुपारी खडकीला निघाले.

येरवड्याहून होळकर पुलावरून खडकी लांब नाही. बाजाराच्या मागच्या बाजूला बैठ्या घरांची एक ओळ आहे, त्यातलं शेवटचं घर मेश्रामकाकाजींचं. पुढे पत्र्याचं कुंपण, आत जेमतेम खाट मावेल एवढं अंगण. मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. आतून आवाज आला, "बाजूला बेल आहे. शोभेसाठी लावलेली नाही."

काकाजी शहात्तर वर्षांचे. उंच, सडसडीत, इस्त्रीचा शर्ट. "जय भीम" झालं, पाणी झालं. भिंतीवर बुद्धांची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि शेजारी एका बाईंचा हार घातलेला फोटो. माझी नजर तिकडे गेली तसं ते म्हणाले, "मिसेस. चार वर्षं झाली." आणि लगेच, "कोंबडी बघायची होती ना? चला."

मागे एक खुराडं होतं, स्वच्छ, खाली राख पसरलेली. दोन माद्या आणि एक म्हातारा नर. माद्या बघून माझा जीव भांड्यात पडला. फोटो एकीचाच होता, पण दोघींचे डोळे सारखे. काकाजींनी एक उचलली आणि थेट माझ्या हातात दिली. ही परीक्षा असते. पंखाला धरून लोंबकळवणारा माणूस असिलाच्या कामाचा नाही. मी छातीखाली तळहात घातला, पाय बोटांत घेतले, दुसऱ्या हाताने छातीचं हाड चाचपलं. सरळ होतं. कोंबडी गप्प बसली.

"कुणी शिकवलं?"

"बाबांनी. सिंदेवाहीकडचे."

"मिसेस पण सिंदेवाहीची," ते म्हणाले. "लग्नात तिच्याबरोबर आली ही जात. क्वार्टरमध्ये असताना साहेब लोक म्हणायचे, मेश्राम, कोंबड्या काढा. मी म्हणायचो, बायकोच्या आहेत, तिला विचारा. मग कुणी विचारत नसे."

मी माझी सगळी हकीकत सांगितली. लस राहिली तेही सांगितलं. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. मग मी विचारायचं ते विचारलं, एक मादी द्याल का म्हणून.

"मादी देत नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

"लेकीला देतात. मला लेक समजा."

"मला दोन लेकी आहेत," काकाजी म्हणाले. "एकीने कुकर नेला, एकीने वॉशिंग मशीन. कोंबडी न्या म्हटलं तर दोघी हसल्या. आता तिसरी कुठून आणू?"

पण माणूस कठोर नव्हता. आत गेले आणि एका स्टीलच्या डब्यात तांदळाचा कोंडा घालून सहा अंडी घेऊन आले, टोक खाली करून नीट लावलेली. म्हणाले, "अंड्यांना रीत आड येत नाही. उबवा. मादी निघाली तर तुमचं नशीब." मी तो डबा मांडीवर घेऊन रिक्षाने येरवड्याला आले. प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला ओरडत होते. तो म्हणाला, "मावशी, आत बाळ आहे का?" मी म्हटलं, सहा आहेत. त्यानंतर तो सावकाश चालवायला लागला.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठ. घरी एकही खुडूक कोंबडी उरली नव्हती, मग अंड्यांवर बसवणार कुणाला? म्हणून थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि उष्णता राखणारं बटण लावून उबवणी करायचं ठरवलं. येरवड्याहून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, पुढे चालत. दगडूशेठच्या भागात गर्दी होती. इलेक्ट्रॉनिकच्या दुकानांची गल्ली सापडली. सातव्या दुकानात हवी ती वस्तू मिळाली. दुकानदारांनी विचारलं, "कशासाठी हवंय?"

"अंडी उबवायला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग कोंबडी घ्यायची ना. ती बिघडत नाही आणि वीजही लागत नाही."

"कोंबडी देत नाहीत हो कुणी."

"पुण्यात?" ते म्हणाले. "इथे सल्ला सोडून कुणी काही देत नाही. साडेचारशे द्या."

तीनशे ऐंशीला घेतलं. तिथेच एका हॉटेलात मिसळ खाल्ली. चांगली होती, पण तिखट म्हणजे काय ते आमच्याकडे येऊन शिकावं. बाराच्या सुमाराला येरवड्याला परतले, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर ओट्यावर माझा डबा उघडा. आत नुसता कोंडा.

"प्राची, यातली अंडी?"

"मावशी, बाहेर होती, खराब झाली असती. फ्रिजमध्ये ठेवलीत," ती आनंदाने म्हणाली. "आणि दोन फोडून ठेवलीत तुमच्या ऑम्लेटसाठी. गावठी आहेत ना, तुम्हाला आवडतील म्हटलं. तुम्ही आलात की गरमागरम करणार होते."

मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. बावीस वर्षं भरलेल्या गाडीत आवाज चढवलेला गळा आहे माझा. तिचं शिक्षण काढलं, तिचं माहेर काढलं, अक्कल फ्रिजमध्ये ठेवली होतीस का म्हणाले. तिचा बिचारीचा चेहरा पांढरा पडला. कानातलं यंत्र चालूच होतं, पलीकडे कोणकोण ऐकत होतं देव जाणे. पुष्पा आतून धावत आली. "शीले, अंडीच आहेत ना," म्हणाली, तर मी तिच्यावरही घसरले. मग ते भांडं उचलून फेकणार होते, आणि आत नजर गेली.

दोन बलक होते, न फेटलेले. ज्या अंड्यात जीव धरलेला असतो त्याच्या बलकावर एक फिकट गोल कडं दिसतं, बारीक टिकलीएवढं. उबवलेलं नसलं तरी दिसतं. जीव नसेल तर कडं नसतं, नुसता वेडावाकडा पांढरा ठिपका असतो. बाबांनी मला हे परकर-पोलक्यात असताना शिकवलं होतं. या दोन्ही बलकांवर ठिपका होता. कडं नव्हतं. मी भांडं खिडकीच्या उजेडात नेलं. फ्रिजमधून तिसरं काढून फोडलं. तेही तसंच.

"काय झालं?" पुष्पाने विचारलं.

"यातून काही निघालंच नसतं," मी म्हटलं. "त्यांचा कोंबडा संपला आहे."

मग मी खाली बसले. मी एकवीस दिवस बल्ब लावून रिकामी अंडी राखत बसले असते, आणि तोवर काकाजींच्या माद्यांचा मोसम निघून गेला असता. प्राचीने चूक केली म्हणून मला हे कळलं, आणि मी तिला वाटेल ते बोलून बसले होते. मला खूप लाज वाटली. मी तिला म्हटलं, "पोरी, मी चुकले. तोंडाला लगाम नाही माझ्या." ती डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे मी बरोबर केलं का?" मी म्हटलं, "बरोबर नाही केलंस. पण बरं झालं." तीन अंड्यांचं ऑम्लेट आम्ही तिघींनी खाल्लं. टाकून देण्यात शहाणपण नव्हतं.

उरलेली तीन अंडी घेऊन संध्याकाळी पुन्हा खडकी गाठायची होती. खरं सांगते, जावंसं वाटत नव्हतं. त्या माणसाला जाऊन काय सांगायचं, की तुमच्या बायकोची कोंबडी तुमच्यापाशीच संपणार? माझी ओळ बुडत होती ते मला माहीत होतं. त्यांची बुडत होती हे त्यांना माहीत नव्हतं. पुष्पा म्हणाली, "सांगू नको. म्हातारा माणूस आहे." मी म्हटलं, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" प्राचीने स्कूटर काढली. "मी सोडते तुम्हाला," म्हणाली.

या वेळी मी बेल वाजवली. काकाजींनी दार उघडलं, डबा पाहिला आणि म्हणाले, "परत? आवडली नाहीत?"

मी सांगितलं. ते ऐकून घेत नव्हते. "नर रोज माद्यांवर जातो. मी स्वतः बघतो."

"जात असेल. वय किती त्याचं?"

"नऊ."

"शेवटची पिल्लं कधी निघाली?"

ते बोटांवर मोजू लागले. दोन वर्षांत रवणच घातली नव्हती, म्हणजे कोंबडी अंड्यांवर बसवली नव्हती. शेजाऱ्यांची तक्रार होती, एक आरवतो तेवढा पुरे म्हणून. अंडी ते शेजारच्या लहान मुलांना वाटून टाकत, आणि शेजारी ती उकडत. उकडलेल्या अंड्यात काही दिसत नाही. काकाजी आत जाऊन स्टीलचं ताट घेऊन आले. तिन्ही अंडी त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक करून फोडली, ट्यूबलाइटखाली धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली. प्राचीने माझा दंड घट्ट पकडला होता.

"मला दिसायला हवं होतं," ते म्हणाले.

"माझा नर आहे," मी म्हटलं. "पाच वर्षांचा, धडधाकट. मी इथे घेऊन येते."

"ब्रह्मपुरीहून? एवढा प्रवास करून आलेला नर महिनाभर कशाकडे बघत नाही. आणि इथे दोन नर ठेवले तर शेजारी मलाच आरवायला लावतील." ताटातले बलक त्यांनी मांजराला दिले. "मादी मात्र मी देणार नाही. तिची आहे ती. मला देण्याचा अधिकार नाही."

आम्ही परत आलो. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीची चौकशी केली आणि मास्तरांना फोन करून सांगितलं की रिकाम्या हाताने येते आहे. त्यांनी कधी नव्हे ते काही टोमणा मारला नाही, त्यामुळे जास्तच रडू आलं.

सकाळी सहाला फोन वाजला.

"मेश्राम. तुमच्याकडे अजून थंडी आहे का?"

"पहाटे असते जी. काऊन?"

"स्वेटर घ्यायचा की नाही ते ठरत नाही. मादी द्यायची नाही असं आहे. मालकाने मादी घेऊन पाहुणा म्हणून जायचं नाही असं कुठे आहे? आठ दिवसांचे कपडे घेतो."

मी पुष्पाला मिठीच मारली.

परतीचा प्रवास तीन टप्प्यांत केला, कारण कोंबड्या आणि काकाजी दोघांनाही एका दमात झेपला नसता. वाकडेवाडीच्या स्टँडवरून सकाळची छत्रपती संभाजीनगरची एसटी. प्राची सोडायला आली होती. दोन्ही माद्या बांबूच्या डाल्यात, वरून ओलं फडकं; म्हातारा नर शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवला होता. कंडक्टर पोरगेलासा होता. मी माझी बावीस वर्षं सांगितली, तो म्हणाला, "मावशी, तरी नियम तो नियम." मला बरं वाटलं, मीही हेच बोलले असते. काकाजी पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून फुकट, मी बाई म्हणून अर्धी, आणि पूर्ण पैसे पडले ते कोंबड्यांच्या सामानाला. काकाजी म्हणाले, "घरात कमावतं कोण ते कळलं."

नेवाशाजवळ चहाला गाडी थांबली तेव्हा त्यांनी आधी कोंबड्यांना पाणी दाखवलं, मग स्वतः चहा घेतला. संभाजीनगरला स्टँडजवळ लॉज, साडेसातशे रुपयांच्या दोन खोल्या; मॅनेजरने डाल्याकडे पाहून नाक मुरडलं. काकाजी त्याला म्हणाले, "त्या तुमच्या गाद्यांवर झोपणार नाहीत, त्यांनाही काही आवडनिवड आहे." दुसऱ्या दिवशी जालना, मेहकर, कारंजा करत नागपूर. हा अख्खा दिवस जातो, पाठीसाठी उशी ठेवा. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी. वाटेत एका जागी सिंदेवाहीची पाटी दिसली तसे काकाजी खिडकीकडे वळले ते बराच वेळ तिकडेच बघत होते.

घरी आल्यावर माद्या रुसल्या. अंडी बंद. दहा-बारा दिवस त्या नराला नुसत्या चोचीने हाणत होत्या. काकाजींचे आठ दिवस संपले, मग पंधरा झाले. मास्तरांची आणि त्यांची बुद्धिबळावरून रोज भांडणं होत. एक दिवस मी त्यांना सिंदेवाहीला त्यांच्या सासुरवाडीला घेऊन गेले. घर आता दुसऱ्याचं होतं. त्यांनी अंगण तेवढं पाहिलं आणि म्हणाले, "इथूनच पिंजरा निघाला होता. बैलगाडीत तिच्या मांडीवर." मग मोठी मादी अंड्यावर आली. पहिलं अंडं मी फोडलं, एक अंडं वाया घालवणं भाग होतं. बलकावर कडं होतं, गोल आणि स्वच्छ. काकाजींनी चष्मा काढला आणि डोळे शर्टाच्या बाहीने पुसले. मी रडले, लपवायचं काही कारण नव्हतं.

मार्चच्या मध्यावर ती मादी खुडूक झाली आणि नऊ अंड्यांवर बसली. दोन दिवसांनी काकाजी निघाले. नातवाची परीक्षा संपत होती, लेकीचा फोनवर फोन येत होता. त्यांनी डालं उघडलं, धाकटी मादी आत ठेवली, फडकं बांधलं. मोठी कोपऱ्यात अंड्यांवर बसली होती. ते तिच्यापुढे उकिडवे बसले.

"रवणीवरून कोंबडी उठवत नाहीत," ते म्हणाले.

"नाही उठवत," मी म्हटलं.

"पिल्लं निघाली की येऊन घेऊन जाईन."

"हाव जी."

नागपूरच्या गाडीत त्यांना बसवून दिलं. धाकटी मादी आमच्या नराच्या सोबतीने महिनाभर राहून गेली आहे, तेव्हा खडकीतही रवण बसायला हरकत नाही. शेजाऱ्यांचं ते बघून घेतील, त्यांना उत्तर सुचलं नाही असं मी अजून पाहिलेलं नाही.

एकविसाव्या दिवशी नऊ अंड्यांतली सहा फुटली. आता ती तीन महिन्यांची आहेत, आपसांत भांडतात, आणि त्यातल्या चार माद्या आहेत. लस पहिल्याच आठवड्यात दिली, नंतरचीही वेळेवर दिली, तारखा भिंतीवर खडूने लिहिल्या आहेत. कुणी मला विचारतं, एवढा खर्च करून पुण्याला जाऊन काय मिळवलंस? भाडं, लॉज, खाणं धरून सहा हजारांच्या आसपास गेले. त्या पैशांत बाजारातून कितीतरी कोंबड्या आल्या असत्या, मास्तर म्हणतात ते खोटं नाही. पण सकाळी दार उघडलं की ती चार पोरं उंच मान करून माझ्याकडे बघतात, आणि दिवाळीपासून माझ्या छातीवर जो धोंडा होता तो नसतो.

गेल्या आठवड्यात काकाजींना फोन केला. पिल्लांची वजनं सांगितली, डोळ्यांचे रंग सांगितले. त्यांनी सगळं ऐकलं, एकाच्या बोटाबद्दल दोनदा विचारलं. मग मी शब्दाला जागून म्हटलं, "काकाजी, मोठी आता मोकळी झाली आहे. घ्यायला कधी येता?"



"बाई, ते विचारत जाऊ नका," ते म्हणाले. "विचारलंत की मला यावं लागेल."

मी पुन्हा विचारलेलं नाही.